बेचाळीसनंतरचा डाव

परवा दुपारी आमच्या सिल्वासाच्या कॉलेजात एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी घुटमळताना दिसला. कॉलेजच्या क्रिकेट संघाचा कर्णधार. एरवी व्हरांडा दणाणून सोडणारा हा पोरगा त्या दिवशी मान खाली घालून उभा होता. आदल्या दिवशीच्या सामन्यात त्याचा संघ चाळीस-बेचाळीस धावांत गारद झाला होता. रात्रभर मित्रांनी मोबाइलवर त्याची यथेच्छ थट्टा केली. सकाळी गेटवरच्या चहावाल्यानेही म्हणे विचारले, "काय कॅप्टन, चहा प्यायला तरी टिकायचं होतं!" मुलाने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कर्णधारपदाचा राजीनामा होता तो.

मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि विचारले, "अजित वाडेकर माहीत आहेत?"

"नाव ऐकलंय सर. कोच होते ना?"

त्याच्या या उत्तराची मला गंमत वाटली. माझ्या वडिलांना वाडेकर म्हणजे कर्णधार, १९७१ चे. मला वाडेकर म्हणजे पांढऱ्या टोपीखालून शांतपणे मैदानाकडे बघणारे भारतीय संघाचे मॅनेजर, १९९३ चे. आणि या मुलाला फक्त एक नाव. एकाच माणसाच्या या दोन डावांच्या मधे एक मोठा खड्डा आहे आणि त्या खड्ड्याचे नाव आहे बेचाळीस. त्या मुलाला जे सांगितले तेच थोडे सविस्तर आज आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते.

आमच्या घरातले दोन पक्ष

आधी घरची गोष्ट. वडील निपाणीचे, आई हुबळीची. ऐंशीच्या दशकात इथे कारखाने उभे राहू लागले तेव्हा वडील नोकरीसाठी सिल्वासाला आले आणि दमणगंगेच्या काठीच राहिले. घरात वडिलांशी मराठी, आईशी कन्नड, बाहेर गुजराती आणि हिंदी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी थोड्याफार फरकाने असेच असेल. मे महिन्यात हुबळीचे मामा आले की गॅलरीत क्रिकेटची सभा भरायची. वडिलांची बाजू मुंबईची: वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर. मामांची बाजू ठरलेली: "नम्म चंद्रा, नम्म प्रसन्ना, नम्म विशी!" आई आतून ओरडायची, "दोघांचाही चहा गार झाला."

लहानपणी मला वाटायचे की ही दोन वेगवेगळ्या संघांची भांडणे आहेत. पुढे इतिहास वाचला तेव्हा कळले की दोघे एकाच गोष्टीचे दोन अर्धे भाग सांगत होते.

बारावा खेळाडू

अजित लक्ष्मण वाडेकर यांचा जन्म १ एप्रिल १९४१ चा, मुंबईचा. गणितात हुशार मुलगा, घरच्यांच्या डोळ्यांपुढे इंजिनियर. क्रिकेटमध्ये ते शिरले ते चक्क बसमधून. कॉलेजला जाताना त्याच बसने येणारे बाळू गुप्ते त्यांना सीनियर. पुढे कसोटी खेळलेले लेगस्पिनर ते हेच. कॉलेजच्या संघाला बारावा खेळाडू हवा होता. गुप्ते म्हणाले, येतोस का? पाणी नेता नेता हा मुलगा बॅट घेऊन मैदानात उतरला आणि १९५८-५९ च्या हंगामात मुंबईकडून प्रथम श्रेणीचे सामने खेळू लागला.

डावखुरा, उंचापुरा, चालताना जरा आळसावलेला वाटणारा, पण स्लिपमध्ये झेल सहसा न सोडणारा. रणजीत धावांचा पाऊस पडत होता, तरी कसोटीचे दार उघडायला डिसेंबर १९६६ उजाडला. त्याच १९६६-६७ च्या हंगामात त्यांनी आयुष्यातली सर्वोच्च खेळी केली, ३२३ धावांची. कोणाविरुद्ध? म्हैसूरविरुद्ध! आमचे वडील हा आकडा मामांच्या ताटात लोणच्यासारखा वाढत असत. मामाही कमी नव्हते. "थांबा भावजी, चौऱ्याहत्तर साल येऊ दे," असे म्हणून ते पापड मोडत. चौऱ्याहत्तरची गोष्ट पुढे येतेच आहे.

१९६७-६८ च्या दौऱ्यात पतौडींच्या नेतृत्वाखाली भारताने न्यूझीलंडमध्ये ३-१ अशी मालिका जिंकली. परदेशातला तो आपला पहिला मालिका विजय. त्यात वेलिंग्टनला वाडेकरांनी १४३ धावा केल्या. कसोटीतले त्यांचे हे एकमेव शतक. ३७ कसोटींत २११३ धावा, ३१ ची सरासरी. आकडे बेताचेच. फलंदाज म्हणून वाडेकर थोर होते असे त्यांचे चाहतेही म्हणणार नाहीत. त्यांचे वेगळेपण चेंडू कोणाच्या हातात द्यायचा हे ओळखण्यात होते.

एका मताचा कर्णधार

१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीत मते समसमान पडली. अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकले आणि पतौडींचे कर्णधारपद गेले. वाडेकर त्या वेळी पत्नीबरोबर नव्या घरासाठी पडदे घ्यायला बाजारात गेले होते, असे ते पुढे हसत सांगत. घरी परतले तो दाराशी गर्दी!

किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारत ५ बाद ७५ असताना मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावा ठोकून संघाला ३८७ पर्यंत नेले. वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० ची आघाडी लागते, पण सामना चार दिवसांचा झाला की १५० पुरते. वाडेकरांनी नियम लक्षात ठेवला होता. ते सरळ वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि सोबर्स यांना म्हणाले, पुन्हा फलंदाजीला या. सामना अनिर्णित राहिला, पण या संघाला घाबरवता येते हे आपल्या पोरांना कळले.

पुढच्याच, पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत सलीम दुराणी यांनी लॉइड आणि सोबर्स यांना झटपट बाद केले. लॉइडचा झेल खुद्द कर्णधाराने घेतला. वेस्ट इंडीजला भारताने कसोटीत हरवले ते तिथे, पहिल्यांदाच. मालिका १-० ने आपली. गावसकर नावाच्या नवख्या पोराने चार कसोटींत ७७४ धावा केल्या, सरदेसाईंनी ६४२.

नम्म चंद्रा

त्याच वर्षी इंग्लंडचा दौरा. इथे मामांचा अर्धा भाग सुरू होतो. म्हैसूरचे भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणीच पोलिओने बारीक झालेला. चेंडू फेकायचा तर ते डाव्या हाताने फेकत, पण गोलंदाजी त्याच कृश उजव्या हाताने. १९६७-६८ नंतर ते संघाबाहेर होते, वेस्ट इंडीजलाही त्यांना नेले नव्हते. इंग्लंडसाठी त्यांना परत बोलावले तेव्हा हा जुगार आहे असेच सगळ्यांना वाटले.

या दौऱ्याचे मॅनेजर होते लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. पुण्यात जन्मलेले, स्वतः २१ कसोटी खेळलेले, लष्करी शिस्तीचे. क्षेत्ररक्षणाचा सराव त्यांनी कवायतीसारखा घेतला. मैदानात वाडेकर, मैदानाबाहेर अधिकारी. मॅनेजर केवळ सामान आणि तिकिटे मोजणारा नसतो, हा धडा वाडेकरांना इथेच जवळून पाहायला मिळाला.

ओव्हलची तिसरी कसोटी. इंग्लंड ३५५, भारत २८४. चौथ्या दिवशी चंद्रा सुटले. एड्रिच फलंदाजीला आला तेव्हा सरदेसाईंनी ओरडून सांगितले, "मिल रीफ टाक!" मिल रीफ हा त्या काळचा शर्यतीचा नामांकित घोडा. म्हणजे वेगवान चेंडू टाक. चंद्रांनी टाकला आणि एड्रिचची बॅट खाली येण्याआधी यष्टी उडाल्या. ३८ धावांत ६ बळी, इंग्लंड सर्वबाद १०१! फलंदाजाच्या नाकाशी उभे राहून सोलकर झेल टिपत होते.

शेवटच्या दिवशी, २४ ऑगस्टला, गणेश चतुर्थी होती. भारतीय पाठीराख्यांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. वाडेकर मात्र सकाळीच ४५ वर धावबाद झाले. ते ड्रेसिंग रूममध्ये आले आणि चक्क झोपी गेले. भद्रावतीच्या विश्वनाथ यांनी चिवटपणे ३३ धावा जोडल्या, इंजिनियर टिकून राहिले, आबिद अलींनी विजयाचा चौकार मारला. झोपलेल्या कर्णधाराला उठवून सांगावे लागले, आपण जिंकलो! इंग्लंडच्या भूमीवर आपण त्याआधी एकही कसोटी जिंकलेली नव्हती.

१९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ इथे आला आणि २-१ ने हरून गेला. चंद्रांचे त्या मालिकेत ३५ बळी. भारताकडून एका मालिकेत इतके बळी तोवर कोणी घेतले नव्हते. तीन मालिका, तिन्ही विजय. इंदूरमध्ये या संघाच्या सन्मानार्थ काँक्रीटची भलीमोठी बॅट उभी राहिली, त्यावर खेळाडूंची नावे कोरली गेली. वाडेकरांना १९७२ मध्ये पद्मश्री मिळाली होतीच.

चौऱ्याहत्तर साल

आणि मग मामांचे चौऱ्याहत्तर साल आले. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला होता. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. नव्या नावाने उतरलेला संघ मार्च १९७४ मध्ये बंगळूरला उपान्त्य सामन्यात मुंबईपुढे उभा राहिला. कर्णधार प्रसन्ना विरुद्ध कर्णधार वाडेकर. विश्वनाथ १६२, ब्रिजेश पटेल १०६. प्रसन्नांनी गावसकरांचा त्रिफळा उडवला. वाडेकर ६२ वर खेळत होते. धाव घेताना पाय घसरला आणि ते धावबाद झाले. मुंबईचे पंधरा वर्षांचे राज्य संपले. कर्नाटकाने पुढे अंतिम सामनाही जिंकून पहिला रणजी करंडक नेला. हा भाग मामा उभे राहून सांगत, आणि पाय कसा घसरला हे आमच्या गॅलरीत करूनही दाखवत. वडील तेवढ्यापुरते पेपर वाचत.

पण खरा घाव तीन महिन्यांनी बसला. इंग्लंड दौरा, लॉर्ड्स, २४ जून १९७४. इंग्लंडच्या ६२९ धावांपुढे आपला दुसरा डाव १७ षटकांत आटोपला. सर्वबाद ४२. जायबंदी चंद्रा फलंदाजीला येऊच शकले नाहीत. मालिका ०-३.

देशात संतापाची लाट उसळली. इंदूरच्या त्या काँक्रीटच्या बॅटला लोकांनी काळे फासले. ज्या नावांना तीन वर्षांपूर्वी हार घातले त्याच नावांवर डांबर. वाडेकरांच्या घरावर दगड आले. दौऱ्यावरून परतल्यावर दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळले गेले. तेव्हा वाडेकरांनी निवृत्ती जाहीर केली. वय अवघे तेहतीस. त्याच दौऱ्यात, १३ जुलैला, भारत पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळला. त्यात कर्णधार वाडेकरांनी ६७ धावा केल्या होत्या, पण तेव्हा ते ऐकायला कोणालाच सवड नव्हती.

१६ कसोटींत कर्णधार: ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. त्या चार पराभवांपैकी तीन एकाच उन्हाळ्यातले. लोकांच्या लक्षात तोच उन्हाळा राहिला.

मॅनेजर म्हणजे कोण?

पुढची वर्षे वाडेकर स्टेट बँकेत अधिकारी होते. आपल्याकडे मॅनेजर म्हटले की बँकेतलाच डोळ्यांपुढे येतो. क्रिकेटचा मॅनेजर म्हणजे भत्ते वाटणारा आणि हॉटेलच्या चाव्या सांभाळणारा, अशीच बरेच दिवस समजूत होती. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तसे नाही. तिथे मॅनेजर हाच संघाचा खरा कारभारी. कोण खेळणार, कोणाला बदलायचे, हे तो बाकावर बसून ठरवतो. तिथला कॉनी मॅक हा जुन्या जमान्यातला यष्टिरक्षकासारखा खेळाडू. त्याने १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षे फिलाडेल्फियाचा एकच संघ चालवला. सर्वांत जास्त सामने जिंकण्याचा विक्रम त्याचा, आणि सर्वांत जास्त हरण्याचाही त्याचाच! संघाच्या मालकीत त्याचा वाटा होता, त्यामुळे त्याला काढणार कोण? वाडेकरांच्या वाट्याला असले सुख नव्हते. त्यांना लोकांनी एका उन्हाळ्यात काढले.

भारतीय क्रिकेटमध्ये या धर्तीचे "क्रिकेट मॅनेजर" हे पद १९९० मध्ये बिशनसिंग बेदींपासून आले. १९९२ मध्ये ते वाडेकरांकडे गेले. बेचाळीसच्या त्या दिवसाला अठरा वर्षे झाली होती.

दुसरा डाव

सुरुवात काही गोड नव्हती. दक्षिण आफ्रिकेत आपण मालिका ०-१ ने हरलो. कर्णधार अझरुद्दीन यांच्यावर टीकेचा भडिमार सुरू होता. अशा वेळी पराभूत कर्णधाराच्या शेजारी असा एक माणूस बसला होता, ज्याच्या घरावर स्वतः दगड येऊन गेले होते.

१९९३ च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ आला. भारताने जुनाच डाव टाकला: फिरकी. कुंबळे, राजू आणि चौहान असे तिघे. चंद्रा-प्रसन्नांच्या बंगळूरचा चष्मा लावलेला उंच इंजिनियर अनिल कुंबळे याने तीन कसोटींत २१ बळी घेतले. अझरने कोलकात्यात १८२ केले, मुंबईत विनोद कांबळीने २२४. मालिका ३-०. मामांचे पत्र आले, एकाच ओळीचे: "नम्म अनिल!" वडिलांनी उलट टपाली लिहिले, "चेंडू दिला कोणी?"

त्याच नोव्हेंबरात हिरो करंडक. उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या आणि चेंडू सचिनच्या हातात गेला. तीनच धावा निघाल्या, आपण जिंकलो. अंतिम सामन्यात कुंबळेने वेस्ट इंडीजचे ६ बळी घेतले ते फक्त १२ धावांत. हा भारतीय विक्रम मोडायला २०१४ साल लागले, आणि मोडला तोही बंगळूरच्याच स्टुअर्ट बिन्नीने. मी तेव्हा शाळेत होतो. ईडन गार्डन्सवर पेटलेल्या वर्तमानपत्रांच्या मशाली टीव्हीवर अजून डोळ्यांसमोर आहेत.

२७ मार्च १९९४, ऑकलंड. सलामीच्या सिद्धूची मान आखडली. मधल्या फळीत खेळणारा सचिन कर्णधार आणि मॅनेजर यांच्याकडे जाऊन विनवू लागला, एकदा मला सलामीला पाठवा, जमले नाही तर पुन्हा कधी मागणार नाही. तोवर त्याच्या नावावर एकही एकदिवसीय शतक नव्हते. नाही म्हणणे सोपे होते. अझर आणि वाडेकर हो म्हणाले. ४९ चेंडूंत ८२. पुढचा इतिहास सर्वांना तोंडपाठ आहे. पण त्या सकाळी हार झाली असती तर बोल सर्वांत आधी मॅनेजरलाच लागला असता, हे वाडेकरांइतके कोणाला ठाऊक असणार?

१९९६ च्या विश्वचषकात ९ मार्चला बंगळूरला पाकिस्तानशी उपान्त्यपूर्व सामना झाला. आमिर सोहेलने चौकार मारून व्यंकटेश प्रसादला बॅटने सीमारेषा दाखवली आणि पुढच्याच चेंडूवर त्याची यष्टी उडाली. श्रीनाथ, प्रसाद, कुंबळे, तिघेही कर्नाटकाचे, आणि बाकावर मुंबईचे वाडेकर. त्या रात्री आमच्या घरात दोन पक्ष उरलेच नाहीत. चारच दिवसांनी कोलकात्यात श्रीलंकेविरुद्ध १ बाद ९८ वरून ८ बाद १२० अशी पडझड झाली. बाटल्या उडाल्या, सामना सोडून द्यावा लागला. त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्याला मॅनेजर म्हणून संदीप पाटील गेले. वाडेकर पुढे निवड समितीचे अध्यक्ष झाले. खेळाडू, कर्णधार, मॅनेजर आणि निवड समितीचा अध्यक्ष, अशा चारही खुर्च्यांवर बसलेली माणसे भारतीय क्रिकेटमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. १५ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ड्रॉवरमधला कागद

कर्णधार असताना त्यांनी जे केले तेच मॅनेजर म्हणूनही केले: ज्याच्यावर इतरांचा भरवसा नव्हता त्याच्या हातात चेंडू दिला. पहिल्यांदा चंद्रा, दुसऱ्यांदा कुंबळे. मराठी कर्णधाराने ओळखले आणि कन्नड गोलंदाजाने करून दाखवले. आमच्या गॅलरीतले दोन्ही वक्ते बरोबर होते, फक्त त्यांना ते एकमेकांना सांगायचे नव्हते.

पण मला त्याहून मोठी वाटते ती मधली अठरा वर्षे. ज्यांनी डांबर फासले त्यांच्याच देशाच्या संघासाठी हा माणूस पुन्हा बाकावर येऊन बसला, आणि हरलेल्या कर्णधाराला त्याने एकटे सोडले नाही. आपल्या घरांतही असे पराभव होतात. मुलाचा बारावीचा निकाल, भावाचा बुडालेला धंदा. तेव्हा आपण काय करतो? इंदूरची बॅट रंगवायला धावतो, की बाकावर शेजारी जाऊन बसतो?

आमचा कर्णधार सगळे ऐकून घेऊन थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, चौऱ्याहत्तरनंतर त्यांना लगेच कोणी परत बोलावलं नाही?"

"नाही. अठरा वर्षं लागली."

"मला तर एकच दिवस झालाय," तो म्हणाला आणि उठला. दारापर्यंत जाऊन परत वळला. "सर, तो कागद..."

"कुठला कागद?" मी म्हणालो.

शनिवारी सकाळी मैदानावरून गेलो तर तो नेटमध्ये होता. काल शून्यावर बाद झालेल्या पहिल्या वर्षाच्या एका पोराला चेंडू टाकत होता, सावकाश, एकामागून एक.